हात खाली, पिन बाहेर

"कागदावर सगळं पक्कं असलं ना, की अपघात होऊच शकत नाही!"

जयप्रकाश अभ्यंकर हे वाक्य दिवसातून तीनदा म्हणत. सकाळी ऑफिसात, दुपारी फोनवर आणि रात्री जेवताना बायकोला, सुहासिनीताईंना. मूळचे पुण्याचे आणि कुवेतमध्ये तेल कंपनीचे सेफ्टी ऑफिसर, म्हणजे कडू कारलं, तुपात तळलं आणि साखरेत घोळलं, तरी कडू ते कडूच! अपघाताचा फॉर्म अर्धवट भरलेला दिसला, की परत. पूर्ण भरलेला असला आणि खाली नाव कॅपिटलमध्ये नसलं, तरीही परत! पायाला प्लास्टर घातलेला एक फिटर केवळ स्वतःचं नाव कॅपिटलमध्ये लिहायला तीन मजले चढून आला होता म्हणे.

अशा माणसाच्या मुलीला, म्हणजे आठवीतल्या कौमुदीला, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात भाग घ्यायचा होता. तिने बिचारीने मटकीला मोड आणायला ठेवले होते. एका वाटीत गोडं पाणी, एका वाटीत खारं.

"मटकी?" जयप्रकाशराव हादरले. "अभ्यंकरांची मुलगी प्रदर्शनात उसळ मांडणार?"

"बाबा, बट धिस इज माय प्रोजेक्ट!"

"असू दे की! मी फक्त मार्गदर्शन करतो."

या मार्गदर्शनातून दोन महिन्यांत जे जन्माला आलं ते साडेचार फूट लांबीचं लढाऊ विमान होतं! तेही साधंसुधं नव्हे, मिश्र शक्तीचं. जेट इंजिन नवीन होतं तेव्हा त्याच्यावर कुणाचा फारसा भरवसा नव्हता. म्हणून काही विमानांना पुढे पंखा आणि मागे जेट, अशी दोन्ही इंजिनं लावून पाहिली होती. जयप्रकाशरावांना ही कल्पना बेहद्द आवडली. एक दगा देईल तर दुसरं आहेच! त्यांच्या मते अख्ख्या विमानविद्येत सेफ्टी ऑफिसरला शोभेल असं हे एकच काम झालं होतं.

पुढे मॉडेलच्या दुकानातलं छोटं इंजिन. मागे, जेटच्या जागी, आग विझवायचं दोन किलोचं मुदत संपलेलं सिलिंडर! पिन ओढली की स्प्रिंगने दांडा दाबला जाणार आणि गॅस फुसांडत बाहेर पडणार. "आगीने चालणारी विमानं जगात पुष्कळ आहेत," ते अभिमानाने सांगत, "आग विझवत उडणारं हे पहिलंच!"

अंग बनवलं शत्रुघ्नने. शत्रुघ्न कुडाळचा, कुवेतच्या जलीब भागात सहा जणांच्या खोलीत राहायचा आणि एसीचे डक्ट बनवायचा. विमान पुरं झाल्यावर त्याने ते चारी बाजूंनी पाहिलं.

"सायबांनू, ह्या उडाचा नाय. ह्येच्यातसून थंड वारो मातर झकास येतलो!"

प्रदर्शन शनिवारी. चाचणी आदल्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, शहराबाहेर वफ्रा भागातल्या एका शेतावर. मालक जयप्रकाशरावांच्या ओळखीचा. "काडीसुद्धा मोडणार नाही," अशी लेखी हमी त्यांनी त्याला दिली होती. धावपट्टी म्हणून एक सरळ कच्चा रस्ता, त्याच्या टोकाला काकड्यांचं प्लॅस्टिकचं हरितगृह आणि त्याच्याही पलीकडे पाण्याचा हौद. शेत सांभाळणारा झहूर मदतीला होता.

"झहूर, मेरा हाथ ऊपर, मतलब रुको. हाथ नीचे, मतलब पिन खींचो. और कुछ मत देखना! सिर्फ मेरा हाथ!"

"समझ गया साहब. हाथ नीचे, पिन बाहर."

एक्केचाळीस कलमांची यादी वाचून झाली. कौमुदी प्रत्येक कलमाला "चेक" म्हणत होती. तिसाव्या कलमानंतर तिचा आवाज मटकीइतका बारीक झाला. शेवटी जयप्रकाशरावांनी हात वर केला आणि ते पुढचं इंजिन सुरू करायला वाकणार, तोच शत्रुघ्न ओरडला,

"सायबांनू, थांबा! गाऱ्हाणा घातल्याशिवाय कसा सुरू करतास?"

यादीत देवाला गाऱ्हाणं घालणं नव्हतं. पण सुहासिनीताईंनी पिशवीतून नारळ काढला, झेंडूचा हार काढला आणि विमानाच्या नाकात अडकवलासुद्धा! जयप्रकाशराव हात वर धरूनच उभे राहिले. नियम म्हणजे नियम.

शत्रुघ्नने डोळे मिटले.

"बा देवा रवळनाथा, आई सातेरी, आज ह्या तुझ्या लेकरांनी जा विमान बनवल्यानी हा, तेका खयचीव इडापिडा आसात, कोणाची वाकडी नजर आसात, ती दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. झहूरही म्हणाला, पण नजर हातावरच.

गाऱ्हाणं गावच्या देवांवरून निघालं, वेशीवरच्या देवांपर्यंत गेलं आणि समुद्र ओलांडून कुवेतला यायला लागलं. जयप्रकाशरावांच्या खांद्याला रग लागली. हात वरच!

"अहो!" सुहासिनीताई दबक्या आवाजात कडाडल्या. "देवाला काय टाटा करताय? हात जोडा!"

बावीस वर्षांच्या संसाराची सवय. जयप्रकाशरावांनी निमूटपणे हात खाली आणून जोडले.

झहूरने पिन ओढली.

फुस्स्स्स! पांढरा ढग उठला आणि ढगातून विमान सुटलं. पुढचा पंखा हार घालून गप्प बसलेला, मागची शक्ती मात्र पिसाळलेली! कौमुदीच्या जुन्या बाबागाडीची चाकं खडखडत ते हरितगृहात घुसलं, पलीकडून काकडीचे वेल गळ्यात घालून बाहेर पडलं, हौदाच्या कठड्यावर धाडकन आपटलं आणि त्याचे तुकडे झाले.

जयप्रकाशरावांचे हात तसेच जोडलेले, तोंड उघडं. एक चाक तेवढं गडगडत परत आलं आणि त्यांच्या बुटाला लागून आडवं पडलं.

"साहब," झहूर भीत भीत म्हणाला, "हाथ तो नीचे था."

कौमुदी रडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "टुमॉरो आय हॅव नथिंग. मटकी पण तुम्ही खाल्लीत." आणि गाडीत जाऊन बसली. जयप्रकाशरावांना खरोखरच गलबलून आलं. मटकीची उसळ त्यांनी दोनदा मागून घेतली होती.

शत्रुघ्न आणि झहूरने दुपारभर खपून प्लॅस्टिकला ठिगळं लावली. तुकडे खोक्यात भरून सगळे घरी परतले. संध्याकाळी जयप्रकाशराव सोफ्यावर शून्यात बघत बसले असताना कौमुदी आली आणि तिने त्यांच्यापुढे एक कागद ठेवला.

त्यांच्याच ऑफिसचा अपघाताचा फॉर्म! तिने तो त्यांच्या बॅगेतून घेतला होता. वेळ, स्थळ, साक्षीदार, आकृती, सगळं व्यवस्थित. तुकड्यांना नंबर दिलेले. वर शीर्षक, 'मिश्र शक्तीचं विमान का उडालं नाही'.

"हे मांडणार मी उद्या. तुकडे आणि रिपोर्ट."

जयप्रकाशराव वाचू लागले. 'अपघाताचं मूळ कारण : सेफ्टी ऑफिसरचा हात.' 'पुन्हा घडू नये म्हणून उपाय : बाबांना प्रोजेक्टपासून शंभर फूट लांब ठेवणे.'

"हे... हे असं कसं लिहिलंस?"

"चूक आहे का काही?"

त्यांनी चष्मा लावला. एखादा रकाना रिकामा सापडावा म्हणून फॉर्म तीनदा वरपासून खालपर्यंत तपासला. एकही नव्हता! अकरा वर्षांत इतका बिनचूक फॉर्म त्यांच्या टेबलावर आला नव्हता. परत पाठवायला कारणच उरलं नाही. मुकाट्याने त्यांनी सही केली.

कौमुदीने कागद उचलला, नीट पाहिला आणि परत त्यांच्यापुढे सरकवला.

"बाबा, नाव कॅपिटलमध्ये."