सुईणीच्या मंजुरीचा ठराव

कुठलीही गोष्ट होण्याआधी तिला मंजूर शब्द असावा. नाहीतर जे झालं ते नेमकं काय झालं, हे जगाला कळत नाही. आमचं स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरचं इदो मंडळ याच तत्त्वावर उभं होतं. साऱ्या मानवजातीला इदो या मुद्दाम घडवलेल्या एकाच भाषेत बोलायला लावायचं, हे आमचं काम. मानवजातीपैकी तेरा जण दर मंगळवारी येत. (तेरावा मी, मूळचा साताऱ्याचा, रंगांचं रसायन शिकायला आलो आणि इथलाच झालो.)

१९२४ च्या मार्चपर्यंत बाळंतपण करण्यासाठी 'अकुशार' हे क्रियापद आम्ही अकरा बैठकांत मंजूर केलं होतं. पाठोपाठ बाळंतपणाच्या जागेचा शब्दही मंजूर झाला. राहिली होती सुईण.

बैठक आमचे चिटणीस कॅस्पर नेफ यांच्या खानावळीत भरे. सुईणीच्या ठरावावर मतं सहा-सहा पडली, निर्णायक मत कॅस्परचं उरलं, आणि वरच्या मजल्यावरून त्याची बायको रेगुला ओरडली. पहिलटकरीण होती. कॅस्पर उठला.

"कुठे निघालात?" अध्यक्ष बोसहार्ट म्हणाले. (निवृत्त पोस्टमास्तर. शिक्का नसलेली वस्तू त्यांना दिसत नसे.) "कारण इदोत सांगा. नियम सात."

"तिला आणायला."

"कुणाला?"

"जिचा ठराव चाललाय तिला."

"ती अजून मंजूर नाही. बसा. शिवाय एक उपप्रश्न आहे. बाई हा धंदा करते म्हणून सुईण, की या क्षणी बाळंतपण करतेय म्हणून सुईण?"

"या क्षणी ती समोरच्या घरात मोजे विणतेय," कॅस्पर रडकुंडीला येऊन म्हणाला, "कारण तिला कुणी बोलावलंच नाही."

"मग दुसरा पर्याय बाद," अध्यक्ष समाधानाने म्हणाले.

मला कॅस्परची फार दया आली. उपप्रश्नावर हात मात्र मी नियमाप्रमाणेच वर केला.

तेवढ्यात वरच्या खिडकीतून रेगुलाने हाक मारली. "फ्रेने, ये गं लवकर. खालच्यांच्या नादी लागू नकोस." (हे गावठी जर्मनमध्ये, म्हणजे पूर्णपणे नामंजूर.)

फ्रेने सुईण विणकामाच्या सुयांसकट आली. "सरका की जरा. जिन्यात खुर्च्या मांडतं का कुणी?" तेरा जण कोणत्याही ठरावाविना सरकले.

उपप्रश्नाचा तिसरा भाग चालू असताना वर बाळ रडलं. रडणं कोणत्या भाषेत होतं याची नोंद करता आली नाही. फ्रेने पदराला, म्हणजे तिच्या एप्रनला, हात पुसत खाली आली.

"मुलगी झाली. दोघी खुशाल. तुमचं अजून अडलंय वाटतं?"

अध्यक्षांनी ठराव पोटसमितीकडे सोपवला.

हसलात? हसा. पण तुमच्या जन्माच्या वेळी काय झालं, ते आईला विचारा. आत ती कळा सोसत होती, आणि बाहेर तुमची सगळी मंडळी पेढे की बर्फी यावर खल करत बसली होती. आम्ही निदान सुईणीबद्दल तरी बोलत होतो.