चौथा पुकारा

आमच्या शेजारचे गंगारामनाना कुणालाही तीनदाच हाक मारतात. चौथी नाही. घराला आग लागली तरी नाही, असं मी थट्टेनं म्हणायचे, तर त्यांची बायको, शेवंताकाकू, म्हणायच्या, "खरं हाय गो बाय ते!"

नाना महाडच्या कोर्टात पट्टेवाले होते. दारात उभं राहून पक्षकाराचं नाव तीनदा पुकारायचं, तिसऱ्यालाही नाही आला तर गैरहजर. उभा जन्म यात गेला. नाना निवृत्त झाले, गळा काही निवृत्त होईना. सकाळी चहाला, "शेवंता गंगाराम हाजीर होऽऽ!" काकूंचे हात पिठात. तिसऱ्या पुकाऱ्यालाही नाही आल्या की त्यांच्या वाटचा चहासुद्धा हे महाशय पिऊन मोकळे. एकदा पोलादपूरचा मेव्हणा न्हाणीघरात अडकला, तर त्याच्या ताटातली कोलंबी फस्त! वर मला म्हणतात, "बाय, कायद्यात बसतंय."

त्यांची धाकटी, सुजाता. लहानपणी नानांचा डबा घेऊन कोर्टात जायची, तेव्हापासून वकिलीचं खूळ डोक्यात. खाजगी कॉलेज झेपणारं नव्हतं, म्हणून मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजसाठी प्रवेश परीक्षा दिली. नंबर लागला नाही. पुढच्या वर्षीही नाही. लगेच बिरवाडीची आत्या स्थळ घेऊन दारात.

"दादा, पोरीला किती शिकवशील रे? मुलगा कंपनीत परमनंट हाय."

"दोनच पुकारे झालेत," नाना म्हणाले. "तिसरा बाकी हाय."

"आन् तिसऱ्यालाही नाय झालं तर?"

"तर गैरहजर. मग तू म्हणशील तसं."

मला असा राग आला त्या माणसाचा! पोरीचा जन्म म्हणजे काय चहाचा कप?

तिसरा निकाल लागला. थोडक्यात हुकलं. सुजाता गच्चीवर जाऊन बसली, ती जेवायलाही उतरेना. शेवटी नाना अंगणात आले.

"सुजाता गंगाराम हाजीर होऽऽ!"

वरून हूं नाही की चूं नाही. दुसरा पुकारा झाला. तिसरा झाला. काकूंनी पदर तोंडाला लावला. मला तर रडूच फुटलं, कारण तिसऱ्यानंतर काय होतं ते अख्ख्या आळीला ठाऊक.

नाना वळले. पायरीपर्यंत गेले, घुटमळले, आणि परत फिरले. कोर्टातला तो आवाज कुठल्या कुठे गेला होता.

"सुजे... ये गो खाली."

कठड्यावरून रडून सुजलेलं तोंड डोकावलं. "नाना, चौथा पुकारा नसतो."

"कोर्टात नसतो. मी बाप हाय तुझा. पुढल्या वर्षाची तारीख घेऊ."

चौथ्या खेपेला नंबर लागला. कॉलेज पुरं करून यंदा सुजाता काळा कोट घालून पहिल्यांदा महाडच्या कोर्टात निघाली, त्या दिवशी नाना तिच्याआधी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून तयार. दारात उभे राहिले आणि आळी दणाणून सोडली, "अ‍ॅडव्होकेट सुजाता गंगाराम..."

पुढचं काही त्यांच्या तोंडून निघेना. डोळे भरून आले होते.

सुजातानं वाकून पायांना हात लावला. "हाजीर हाय, नाना."