तिघांचं एक

कांदिवलीच्या नितेशला ऑफिसात मान होता तो एकाच गोष्टीसाठी. एकच माहिती चार ठिकाणच्या मशीनवर ठेवली, तर विचारणाऱ्याला उत्तर लगेच द्यायचं की सगळ्या मशीनचं जुळेपर्यंत त्याला ताटकळत ठेवायचं, असा वाद निघाला की तो म्हणे, "लगेच द्या यार. जुळेल मागाहून." मशीनचं काय जातंय, तिला सुतक नसतं.

वडील, दशरथ, आयसीयूत गेले आणि गावाहून फोनांचा सपाटा सुरू झाला, तेव्हा त्याने हेच शहाणपण घरात आणलं. आई सुगंधाला नि बहीण श्रुतिकाला समोर बसवून म्हणाला, "ज्याला फोन येईल त्याने उत्तर द्यायचं. एकमेकांना विचारत बसायचं नाही. आपल्याला शेवटचं जे ठाऊक, ते सांगून मोकळं व्हायचं."

"आणि चुकलं तर, दादा?" श्रुतिकाने विचारलं.

"संध्याकाळी जुळवून घेऊ ना."

खरं तर तो वाट बघत होता एकाच फोनची, बाळकाकाच्या. बांधावरच्या कोकमाच्या झाडावरून दोघा भावांनी बोलणं टाकलं होतं, आणि हल्ली शुद्धीवर आले की बाबा पहिलं विचारत, "बाळग्याचो फोन इलो?" नितेश तेव्हा उगाच फोन काढून बघे.

तो फोन आला, पण श्रुतिकाला. ती नुकतीच आयसीयूच्या काचेशी पोचली होती. बाबांची कॉट रिकामी, गादी गुंडाळलेली. सकाळीच त्यांना साध्या वॉर्डात हलवलं होतं. नितेशने ते आत्याला कळवलं, शेजाऱ्यांना कळवलं. श्रुतिकाचं तेवढं संध्याकाळी जुळायचं होतं. तिला हुंदका फुटला, आणि नियमाप्रमाणे ती बोलून मोकळी झाली, "काका, बाबा गेले."

चूक कळेपर्यंत काकांची गाडी घाटात होती नि फोन लागत नव्हता. दुसऱ्या दिवशी ते उतरले ते डोक्याचा चकोट करूनच. मुंबईत घाईगर्दीत राहून जायला नको, म्हणून गावातच उरकून आले होते. नितेश त्यांना मुकाट्याने वॉर्डात घेऊन गेला. बाबा पेज पीत होते.

"इलस बाळग्या?" बाबांचे डोळे भरून आले.

काकांनी चकोट केलेल्या डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "मेलस म्हणान तुका माफ केलंय. जितो आसस तर झाड माझा."

"तुझा कसा?" इतक्या दिवसांत बाबांचा आवाज एवढा चढला नव्हता. नर्सने काकांना बाहेर काढलं, आणि ते संध्याकाळच्या गाडीने परत गेले. बाबांनी पेज तशीच ठेवली.

त्याच आठवड्यात बाबा खरोखरच गेले. या खेपेला नितेशने हयगय केली नाही. आईला नि श्रुतिकाला शेजारी बसवलं, फोन स्पीकरवर टाकला आणि तिघांनी एकच गोष्ट सांगितली, जवळजवळ त्याच शब्दांत.

पलीकडे काकांनी तिघांचं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तिघाय एकच बोलतास. मरणाच्या घरात कोणाचा कोणाशी जुळणा नाय रे. ह्या पढवल्यासारखा वाटता."

"काका, बाबांची शपथ."

"तेची शपथ मागच्या खेपेक घेऊची होती." फोन कट झाला. नितेशने पुन्हा पुन्हा लावला, काका उचलेनात.

खाली शववाहिनी येऊन उभी होती. सोसायटीतले लोक घड्याळं बघत होते. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला, तशी आई डोळे पुसत म्हणाली, "निघायचं ना रे?"

नितेश बाबांजवळ खाली बसला.

"थांबू या," तो म्हणाला.