सदूकाकांच्या बंगल्याचं पांघरूण

सदूकाका कुणाच्याही घरी गेले की आधी पडद्याला फुंकर मारतात.

चहापाणी, "बसा, कसं काय" वगैरे सगळं नंतर. आधी पडद्याचं टोक दोन बोटांत चोळायचं, तोंडासमोर धरायचं, पलीकडून तळहात लावायचा, गाल फुगवायचे आणि फूऽऽ. तळहाताला वारा लागला तर "हवा खाते." नाही लागला तर "गुदमरते." निकाल लागला की मग बसतात. मागच्या उन्हाळ्यात एका लग्नात त्यांनी थेट नवरदेवाच्या शेरवानीची बाही पकडली. त्याला वाटलं, वडीलधारे आहेत, आशीर्वाद देत असतील. तो बिचारा वाकला. काकांनी फुंकर मारली आणि मुलीच्या बापाला सांगितलं, "जावई चांगला भेटला तुले. पण अक्षता पडेपर्यंत शिजून जाते, पाहून घे."

गल्लीत लोक म्हणतात, म्हातारा सटकला. मी शेजारीच राहते, त्यामुळे मला खरं कारण माहीत आहे. कारण त्यांच्या अंगणापुढच्या मोकळ्या जागेत उभं आहे. त्याला चार चाकं आहेत आणि त्यावर पेंटरकडून 'बंगला' असं लिहून घेतलेलं आहे.

काकांनी वणीत तीस वर्षं कोळशाचा ट्रक चालवला. ट्रक सुटल्यावर त्यांनी एक जुनी मिनीबस घेतली, आतल्या सीटा उपटल्या आणि पलंग बसवला. मग गॅसची शेगडी आली, बेसिन आलं, टपावर पाण्याची टाकी आली. मोबाइलवर त्यांनी परदेशातली मोटरहोम पाहिली होती. "तिकडचे म्हातारे घरच घेऊन फिरून राह्यले. आपण कायले मागं राहावं?" असं ते म्हणायचे. पण खरी गोष्ट वेगळी होती. तीस वर्षं आपण रस्त्यावर आणि बायको शकुंतला घरात, हे त्यांना सलत होतं. आता जिथं जायचं तिथं काकूंना घेऊन जायचं होतं.

अडचण एकच होती. काकूंना गाडी लागते. साधं वरोऱ्याला जायचं तर त्या लिंबू आणि पिशवी घेऊन निघतात, आणि दोन्ही कामी येतात.

"घर लागते का कोणाले?" काका वाद घालायचे. "गाडी लागते माणसाले. हे घर हाये."

"एक घर झाडता झाडता माही कंबर गेली," काकू म्हणायच्या, "आता दुसरं आणून ठेवलं!"

दोन वर्षं झाली, काकूंनी त्या बंगल्याच्या पायरीवर पाय ठेवला नव्हता. पण काकांचा विश्वास होता की बाई आज ना उद्या हो म्हणेल, आणि ज्या दिवशी म्हणेल त्या दिवशी गाडी कोरी करकरीत पाहिजे. वणीत हे सोपं नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात दोरीवर वाळत घातलेली चादर ताठ उभी राहते, आणि बारा महिने कोळशाची धूळ पडते. पांढरा शर्ट घालणारा माणूस इथं एक तर नवीन असतो, नाही तर पुढारी.

म्हणून पांघरूण. पहिलं पांघरूण अर्थातच ट्रकची ताडपत्री. ट्रकवाल्याला दुसरं काय सुचणार? काकांनी ती अशी आवळली की गाडी मुसक्या बांधल्यासारखी दिसायला लागली. प्रत्येक गाठ ओढून दाखवत मला म्हणाले, "पाह्य बीएस्सी. थेंब जाणार नाही आत."

मला ते नावानं हाक मारत नाहीत. आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. मला त्या हाकेचा राग येत नाही. उलट चारचौघांत मारली तर बरंच वाटतं.

पावसाळाभर गाडी तशीच बांधलेली. दसऱ्याला ताडपत्री सोडली, दार उघडलं, आणि असा वास आला की काका दोन पावलं मागं सरले. पलंगाच्या गादीवर कुत्र्याच्या छत्र्या उगवल्या होत्या. चांगल्या टपोऱ्या.

"थेंब गेला नाही वो आत!" काका कळवळून म्हणाले. "तीस वर्षं कोळसा झाकला. कधी कुजला का?"

"काका, कोळसा कुजत नसतो. ओल आतच होती. तुम्ही वाफेला बाहेर पडायला वाटच ठेवली नाही. कापडातून हवा गेली पाहिजे आणि पाणी नाही."

काकांनी ताडपत्रीचं टोक उचलून तोंडासमोर धरलं. त्या दिवसापासून फुंकर सुरू झाली.

मग त्यांनी रोपवाटिकेची हिरवी जाळी आणली. हवा भरपूर गेली. हवेबरोबर धूळही गेली आणि आठ दिवसांत बंगला आतून कोळशाची खाण झाला. मग मंडपवाल्याकडचं लाल-पिवळं कापड. ते चढवलं त्या दुपारी एक अनोळखी गृहस्थ आले, चपला काढल्या, हात धुतले आणि काकूंना विचारलं, "पहिली पंगत झाली का?" काकूंनी त्यांना वरण-भात वाढला. उपाशी कसं पाठवणार?

शेवटी माझ्या सांगण्यावरून ऑनलाइन पांघरूण मागवलं. त्यासोबत इंग्रजीत कागद आला. तो मी अंगणात उभी राहून मोठ्यानं वाचला आणि मराठीत सांगितला: टोकदार कोपऱ्यांना आतून कापडाच्या गाद्या लावा, नाही तर फाटेल, ढिलं ठेवू नका, वाऱ्यानं फडफडून रंग घासला जातो, दाराच्या जागी चेन आहे. काकू खिडकीत तांदूळ निवडत होत्या. काका मन लावून ऐकत होते. पण मापं देताना ते टपावरची टाकी विसरले होते. पांघरूण टाकीवर चढलं आणि मागून इतकं वर गेलं की बंगल्याची चड्डी सुटल्यासारखं दिसायला लागलं. गल्ली पोट धरून हसली.

काका हसले नाहीत. ओट्यावर बसून राहिले. दोन दिवसांनी मला म्हणाले, "बोरी अरब गावचा एक माणूस येते रविवारी. चायनीजचं दुकान लावतो म्हणते त्याच्यात. देऊन टाकतो, बीएस्सी. जिच्यासाठी केलं ते तिले नको. उगाच कुजत कायले ठेवू?"

काकू आत पोळ्या करत होत्या. लाटण्याचा आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी काका बाजारात गेल्याबरोबर काकूंनी मला बोलावलं. "पोरी, टेप आण. आन् हे सांग, त्या गाडीले दार कोणत्या बाजूनं हाये वं?"

काकू गल्लीतल्या सगळ्यांची पोलकी शिवतात. तीन दिवस त्यांची मशीन थांबली नाही. वरचा भाग ताडपत्रीचा, कारण पाणी वरून पडतं. बाजू जाड सुती कापडाच्या, कारण वाफ बाजूनं जाते. कोपऱ्यांना जुन्या गादीचा कापूस. टाकीला बाळाला शिवतात तसं टोपडं. खाली इलॅस्टिक. आणि दाराच्या जागी, वरपासून खालपर्यंत, लांबलचक चेन.

पांघरूण चढल्यावर काकांनी फुंकर मारली आणि चकित होऊन बायकोकडे पाहिलं. मग ट्रकवाला जागा झाला. "चेन कायले लावली? धूळ जाते तिच्यातून. झाकलेल्या गाडीत कोण जाते?"

"गाठी तुम्हाले समजते. शिवण मले समजते."

रविवारी बोरी अरबचा माणूस आला. काकांनी खाली मान घालून पांघरूण काढायला हात लावला, तेवढ्यात काकू दारातून म्हणाल्या, "अजी, गाडी देत असाल तर द्या. पण माहं पांघरूण मी देणार नाही. आन् ते दुसऱ्या कोणत्या गाडीले बसतही नाही."

काकांनी हात मागं घेतला. त्या माणसाला चहा-पोहे देऊन परत पाठवलं.

त्यानंतरच्या आठवड्यात, भर दुपारी, मी ब्लाउजपीस द्यायला गेले. घराला बाहेरून कडी होती. पांघरुणाच्या चेनीपाशी चपलांचे दोन जोड होते. चेन हातभर उघडी होती आणि आतून गाडीतल्या शेगडीवरच्या चहाचा वास येत होता.

"आता कुठं आलो?" काकूंचा आवाज.

"वर्धेचा पूल गेला. आता वरोरा येते. इथं उजव्या हाताले चहाचं हॉटेल हाये. मालक मोठा चांगला माणूस. चहा देताना दर वेळेस मले विचारे, घरी बरं हाये ना सगळं?"

"मंग तुम्ही काय सांगत?"



"सांगो, मले कुठं माहीत बाप्पा? पंधरा दिवस झाले घरून निघून."

आत कपाचा आवाज झाला. मी ब्लाउजपीस पायरीवर ठेवून मागं वळले. चारही खिडक्यांवर पांघरूण घट्ट बसलेलं होतं, आतून बाहेरचं तसूभर दिसणं शक्य नव्हतं. मागून काकू म्हणाल्या, "हळू चालवा जी. मले नीट पाहू द्या."