डागरहित चित्रकला सप्ताह

कडावच्या वरच्या वाडीतल्या एकशिक्षकी शाळेत त्र्याऐंशी सालच्या दिवाळीनंतर रंगलेखण्यांची एक पेटी दाखल झाली. सोबतच्या परिपत्रकात नमूद होते की, रंग लेखणीच्या पोटातच भरलेला असल्याने ब्रश, वाटी व पाणी यांची गरज उरत नाही. सबब बालकांनी हात, कपडे व शासकीय भिंती न माखता चित्रे काढावीत. त्यासाठी डागरहित चित्रकला सप्ताह पाळायचा होता आणि शेवटी तपासणी होती.

श्रीपत गुरुजी हरखले. दिवाळी झाली की वाडीतली माणसं पोराबाळांसकट वीटभट्टीवर जात आणि शाळा निम्मी रिकामी होई. यंदा चौथीतली आवडीही चालली होती. ही पोरगी गेरूनं शाळेच्या भिंतीवर असे कोंबडे काढी की ते पाहायला तिची आईसुद्धा वर चढून येई. गुरुजी त्या आईला, ठकूबाईला, भेटले.

"पोरीला खरे रंग मिळणार आहेत. तिला म्हातारीजवळ ठेवा."

"हप्ताभर थांबते मी," ठकूबाई म्हणाली. "रंगाचं काय खरं निगालं तर ठेवीन. नायतर गुरुजी, माती मळाया हात लागत्यात."

मग दुसरं परिपत्रक आलं. लेखणीला पाणी लागत नसल्याने शाळेची पाण्याच्या टाकीची मागणी निकाली काढण्यात येत आहे. पाठोपाठ तिसरं आलं. लेखणी स्वच्छ धुतलेल्या हातांनीच धरावी.

धुवायला ओढा खाली होता. पोरं हात धुवून, ते डोक्यावर धरून चढण चढू लागली. अर्ध्यावर पहिलीतला धाऊ घसरला. त्याला धरायला सगळे धावले आणि सगळ्यांचे हात पुन्हा चिखलात गेले. गुरुजींनी पोरांना परत खाली नेलं. सप्ताहाचा पहिला दिवस असा आरोग्यात गेला.

दुसऱ्या दिवशी सभापती उद्घाटनाला आले. नारळाशिवाय पेटी उघडायची नाही, असा त्यांचा आग्रह. नारळ फुटला, पाणी कागदांवर उडालं, पेटीला कुंकू लागलं. बरोबर आलेल्या शिक्षण खात्याच्या साहेबांनी चष्मा वर केला.

"गुरुजी, डाग!"

"साहेब, ते सभापतींचे आहेत."

"सभापतींचे डाग पडत नसतात. मुलांचे समजा आणि यापुढे खबरदारी घ्या."

खबरदारीचा लेखी आदेश संध्याकाळीच आला. डाग पडण्याचे मूळ कारण टोपण काढणे हे असल्याने, तपासणी होईपर्यंत सराव टोपणासह करावा.

गुरुजींना भयंकर संताप आला. पण नोकरी नवी होती आणि संताप कायम व्हायला अजून वेळ होता. पोरांनी बंद लेखण्या कोऱ्या कागदांवर फिरवायला सुरुवात केली.

"गुरुजी, टोपान काडू?" आवडीनं विचारलं.

"नको गं."

"मंग ह्यात रंग हाय कशावरनं?"

"परिपत्रकात लिहिलंय."

आवडीनं लेखणी कानाशी धरून हलवली. मग मान खाली घालून तिनं टोपणानंच एक कोंबडा काढला. तो तिच्याशिवाय कुणालाच दिसला नाही. दाराशी उभ्या ठकूबाईला तर कागद कोराच दिसला.

"चल गं," ती म्हणाली. "हितं नुसता हात हालवायचा, तर तिकडं हालवू. वीट तरी व्हईल."

गुरुजी उठले, दोन पावलं पुढे झाले. टोपण काढतो म्हणून सांगायला तोंडही उघडलं. मग तपासणी आठवली आणि त्यांनी तोंडाला टोपण लावलं. आवडी लेखणी जागेवर ठेवून आईमागून उतरून गेली. त्या क्षणी गुरुजींना स्वतःची लाज वाटली.

तपासणीत साहेबांनी एकेक कागद उजेडात धरून पाहिला. इतकी स्वच्छ चित्रं त्यांनी सबंध तालुक्यात पाहिली नव्हती. गैरहजर मुलीच्या कागदाला पहिला क्रमांक मिळाला. तो कागद काचेत बसवून कार्यालयात लावण्यात आला आणि शाळेला बक्षीस म्हणून रंगलेखण्यांची आणखी एक पेटी मिळाली, कुलपासह.

हसताय? हसा की. फक्त हसून झालं की तुमच्या दिवाणखान्यातल्या शोकेसकडे एकदा बघा. मामानं पोराला वाढदिवसाला दिलेली रंगांची पेटी तिथं काचेआड आहे. "घाण करशील, मोठा झालास की देऊ," असं तुम्हीच त्याला सांगितलं होतं. पेटी अजून नवीकोरी आहे. आणि पोराला मिशा फुटल्या आहेत.