गाळाला झोपू द्या

ये, इकडे जवळ बस. दाराशी उभं राहून कुणी बोलतं का? आणि हे काय, पायात मोजे नाहीत? जर्मनीतली फरशी आहे ही, किती वेळा सांगायचं! हे माझे लोकरीचे घाल आणि मग ऐक. आवाज तेवढा हळू. खालच्या गजभिये भाऊंनी आज तेलाची टाकी भरून घेतलीय. तळघरात गाळ झोपायला गेलाय.

हसू नकोस. आमच्या घरात हे असंच असतं.

झिंडेलफिंगेनच्या पुढे, टेकडीच्या कुशीतल्या गावात हे जुनं घर. खाली घरमालक गजभिये भाऊ. वर आम्ही चौघं: मी, माझा मुलगा अमोल, सून प्रज्ञा आणि नात तारा. भाऊ मूळचे भंडाऱ्याकडचे. तरुणपणी इंजिनांचं शिकायला आले, उर्सुलाशी लग्न केलं आणि इथलेच झाले. आम्ही सामान घेऊन आलो त्या दिवशी दारातच "जय भीम, ताई" म्हणाले आणि पाणी विचारायच्या आधी मला तळघर दाखवायला घेऊन गेले.

तिथं ती टाकी. टाकीतलं तेल बर्नरला जातं, बर्नर पाणी तापवतो, ते पाणी भिंतीवरच्या हायझुंगमधून, म्हणजे लोखंडी नळ्यांच्या शेगड्यांमधून, घरभर फिरतं आणि मग माझे गुडघे माझं ऐकतात. टाकी आणि बर्नर यांच्या मध्ये भिंतीवर एक फिल्टर आहे. पारदर्शक वाटी आणि तिच्यात गाळणी, बस. पण भाऊंचं सगळं जग त्या वाटीत. टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षांचा गाळ असतो. नवं तेल ओतलं की तो ढवळून वर येतो, आणि तेव्हाच बर्नर चालू केला तर गाळणी तुंबते. म्हणून टाकी भरली की दोन तास बर्नर बंद ठेवायचा. गावातले सगळे जर्मन दोन तास थांबतात. आमचे भाऊ दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत थांबतात.

टँकर गेला की भाऊ मोज्यांवर वर येणार, ओठांवर बोट. ताराच्या दोरीवरच्या उड्या बंद. कपडे धुवायचं मशीन बंद.

"ताई, कुकरच्या शिट्ट्याही नको आज."

"अहो भाऊ, टाकी तळघरात, कुकर वर!"

"हादरे जातात ना बाप्पा. गेनाऊ, अगदी तिथंच जातात. गाळाला झोपू द्या."

मग आम्ही कोट घालून, मांडीवर गोधडी घेऊन, डाळ पातेलीत शिजवत बसायचं. तारा मला जर्मनमध्ये विचारते की गाळ घोरतो का.

हे वाक्य भाऊ कुठंही वापरतात. सरकारी कचेरीतून पत्र आलं की दोन दिवस तसंच खुंटीखाली पडून. "काहून घाई करता? गाळ बसू द्या." एकदा माझं आणि प्रज्ञाचं मिक्सरच्या भांड्यावरून वाजलं, तर खालून पायऱ्यांवरून आवाज आला, "लांगझाम, हळू घ्या, ताई! दोन तासांनी बोला!" दोन तासांनी भांडण कशावरून होतं तेच दोघींना आठवेना.

रोज सकाळी भाऊ टॉर्च घेऊन खाली जातात. एकदा मीही गेले. इथं घर तापवायच्या तेलात लाल रंग घालतात. भाऊंनी वाटीमागे टॉर्च धरला आणि ती आतून उजळली, कोकमाच्या सरबतासारखी. तेवढ्यात एक बुडबुडा निघाला, अगदी सावकाश, जणू त्याला कुठं जायचं नव्हतं. खिडकीबाहेर धुकं. बर्नरचा घूं घूं आवाज. डोळे मिटले तर लांब कुठंतरी पिठाची गिरणी चालू आहे आणि आपण दळणाचा डबा मांडीवर घेऊन बसलोय असं वाटावं. किती वेळ गेला कोण जाणे.

आता खरी गोष्ट ऐक. मागल्या हिवाळ्याच्या तोंडाशी अमोलनं नवं घर बघितलं. कामाच्या जवळ, फरशीच गरम होणारी, तळघरात वास नाही की टाकी नाही. मग क्युंडिगुंग लिहिलं, म्हणजे आम्ही घर सोडतो असं घरमालकाला कळवायचा कागद. प्रज्ञा म्हणाली, "आई, तुम्हीच द्या. भाऊ तुमचं ऐकून घेतील." मी तो लिफाफा स्वेटरच्या खिशात ठेवला. तीन दिवस वरणाच्या वाटीबरोबर खाली नेला आणि रिकाम्या वाटीबरोबर वर आणला.

चौथ्या दिवशी टाकी भरली. गुडघे ठणकायला लागले. म्हटलं, आज कागद देऊनच टाकावा. खाली गेले तर भाऊ पाव आणायला बाहेर. तळघराच्या दाराशी बर्नरचा लाल स्विच असतो. तो बंद केला की कुणी हात लावू नये म्हणून भाऊ त्याच्यावर आपली माकडटोपी अडकवतात. मी मनाशी म्हटलं, दोन तास झालेच असतील. टोपी काढली, स्विच लावला.

घूं घूं झालं. मग खोकल्यासारखं काहीतरी. मग गप्प. लाल दिवा लागला. दिव्याचं बटण मी दाबलं, परत दाबलं, आणखी दाबलं, लिफ्टचं दाबतात तसं. वाटीत बघते तर कोकमाचा काढा झालेला.

पाठीमागे भाऊ. हातात पाव. माझ्या हातात त्यांची टोपी.

"उठवला ना त्याला?" एवढंच म्हणाले.

मी कानकोंडी. त्यांनी कोपऱ्यातलं कपाट उघडलं, नवी गाळणी काढली. कपाटात काकडीच्या लोणच्याच्या बरण्या ओळीनं मांडलेल्या. प्रत्येकीत एक काळवंडलेली जुनी गाळणी, झाकण घट्ट, आणि बरणीवर मराठीत चिठ्ठी. मला वाटलं तारखा असतील. चष्मा लावला. पहिल्या कितीतरी बरण्यांवर, 'उर्सुला, लीना, मी.' लीना म्हणजे त्यांची मुलगी, ती आता कोलोनला. मग, 'उर्सुला, मी.' मग बऱ्याच बरण्यांवर नुसतं 'मी.' आणि शेवटच्या दोन बरण्यांवर, 'मी, आणि वर चौघं.'

"फेकायच्या असतात, ठाऊक आहे मला," भाऊ हात पुसत म्हणाले. "पण त्या हिवाळ्यात घरात कोण कोण ऊबेत झोपलं, ते कुठंतरी लिहायला पाहिजे ना."

नवी गाळणी बसली. हातपंपानं तेल ओढून घेतलं. जुनी गाळणी रिकाम्या बरणीत गेली आणि भाऊंनी पेन माझ्यापुढे धरलं. "ही तुमच्यामुळं निघाली. तुम्हीच लिहा."

पेन घ्यायला वाकले तर लिफाफा अर्धा खिशाबाहेर आला. पांढरा, सरकारी आकाराचा. भाऊंनी तो पाहिला. इतकी वर्षं जर्मनीत काढलेला माणूस, असा लिफाफा ओळखणार नाही का? त्यांनी दोन बोटांनी तो हळूच परत खिशात सरकवला. कोपऱ्यावर तेलाचा लाल ठसा उमटला.

"गाळ बसू द्या, ताई. मग बोलू."

मी पाचही नावं लिहिली. तारामधला काना वाकडा गेला.

वर अमोल वाट बघत होता. "दिलंस?" म्हटलं, "तूच दे." तो लिफाफा घेऊन तणतणत खाली गेला. तासाभरानं आला तो बाहीला तेल लावून. "आई, ती वाटी टॉर्चसमोर बघितलीस कधी?" कागद त्याच्याच हातात होता. प्रज्ञानं दोघांकडे बघितलं आणि म्हणाली, "बरं. एक हिवाळा अजून." तो हिवाळा गेला, आता दुसरा आलाय. कागद माझ्या पेटीत साड्यांखाली आहे आणि त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही.

निघायचंय? थांबायचा आग्रह आज नाही करत, घर गार आहे. पण लवकर ये परत आणि रात्रभर राहा. एक रात्र तरी इथं ऊबेत झोपल्याशिवाय भाऊ कुणाचं नाव लिहीत नाहीत. या वर्षीच्या चिठ्ठीवर मी मुद्दाम बारीक अक्षर काढणार आहे, म्हणजे जागा उरेल. मोजे राहू देत पायात. येताना घेऊन ये.