मार्थामावशीच्या अटी

आमच्या मार्थामावशीकडे दुपारी कोणती भाजी होणार, हे देव ठरवतो. निदान ती तसं म्हणते. लातुरातल्या घराच्या पायरीवर ती सकाळी सूप घेऊन बसते आणि मोठ्यानं अट घालते, ‘‘परमेश्वरा, आधी मोटरसायकल गेली तर वांगं, रिक्षा गेली तर दोडका.’’ मग रस्त्याकडं बघत राहते. दोडका तिला मुळीच आवडत नाही. रिक्षा आधी गेली की लगेच हरकत घेते, ‘‘हे धरायचं न्हाई. रिक्षा रिकामी होती.’’ पुढची भरलेली निघाली तर, ‘‘हे बी न्हाई. ह्यात समदे परगावचे होते.’’ शेवटी एखादा मोटरसायकलवाला येतो आणि देवाची इच्छा पूर्ण होते. तिच्या घरी शिजलेला दोडका मी आजवर पाहिलेला नाही.

मावशी सरकारी दवाखान्यात नर्स होती, आता रिटायर झाली. लग्न केलं नाही. का, असं विचारलं तर म्हणते, ‘‘एका कंपाउंडरसाठी अट घातली होती. त्याची बदली झाली.’’

मी देवणीजवळच्या खेड्यातून कॉलेजसाठी तिच्याकडं राहायला आलो आणि पदवी मिळाली तरी हललो नाही. घरात माझी कामं दोनच. तिच्या डोळ्यांत थेंब टाकणं, आणि संध्याकाळी तांब्यात मेथीदाणे भिजत घालणं. तिला शुगर आहे, सकाळी ती मेथीचं पाणी पिते. उरलेला वेळ मी पलंगावर पडून, देवाची माझ्यासाठी काय योजना असेल, याचं चिंतन करत असे. चिंतनात झोप छान लागायची.

‘‘पडून ऱ्हाऊन कळत नसतंय, सम्या,’’ मावशी म्हणायची. ‘‘अट घाल, अट! कोंडीत धरल्याबिगर तो बोलत न्हाई.’’

त्याच सुमारास नांदेडला चर्चच्या तरुणांचं शिबिर झालं. शेवटच्या दिवशी वक्त्यानं सगळ्यांना डोळे मिटायला लावले आणि म्हणाला, ‘‘देव ज्याला सेवेसाठी बोलावतोय, त्यानं उभं राहावं.’’ मी सकाळपासून सतरंजीवर मांडी घालून बसलो होतो. पायांना मुंग्या आल्या होत्या. सगळ्यांचे डोळे मिटलेले आहेत, तेवढ्यात पाय मोकळे करावेत म्हणून उठलो. सगळ्यांनी डोळे उघडले तेव्हा सबंध मांडवात मी एकटा उभा. खाली बसेपर्यंत चौघांचे हात आशीर्वादासाठी माझ्या डोक्यावर आले, उदगीरच्या एक बाई रडायला लागल्या, आणि त्यांचं पाहून मीही रडलो. ते रडणं मात्र खरं होतं. कशाचं होतं, ते सांगता येणार नाही.

आठवडाभरात हिमायतनगरच्या पाळकांचा फोन. त्यांच्या चर्चच्या वसतिगृहाला वॉर्डन हवा होता. ‘‘तुम्हीच उभे राहिला होता ना?’’

‘‘मावशी, ते बोलावणं होतं का मुंग्या?’’

‘‘मुंग्या कुणी आणल्या मग?’’ ती पटकन बोलून गेली आणि स्वतःच्याच उत्तरानं दचकली. ‘‘पण हिमायतनगर लई लांब हाय. पाणी बदललं की तुझं पोट बिघडतंय. आन् तुला सोताची बनियन सापडत न्हाई, तू लोकाची पोरं सांभाळायला कशाला जायलास?’’

हे सगळं खरंच होतं. पण त्या फोनपासून माझी झोप उडाली होती, हेही खरं. जावंसं वाटायचं आणि जायची भीतीही वाटायची. शेवटी मावशी म्हणाली, ‘‘फैसला त्याच्यावर सोड.’’

बायबलात एका भित्र्या शेतकऱ्याची गोष्ट आहे. देवानं बोलावलं तर यानं पुरावा मागितला: रात्री खळ्यावर लोकर ठेवतो, सकाळी दवानं लोकर तेवढी भिजावी, जमीन कोरडी राहावी. मावशीनं लोकरीऐवजी तिच्या वडलांची घोंगडी काढली. ते देवणी जातीच्या गाई राखायचे तेव्हाची. अट ठरली. सकाळी घोंगडी ओली आणि गच्ची कोरडी, तर हिमायतनगर. घोंगडी कोरडी, तर लातूर.

आता मे महिन्यात लातुरात दव पडत नाही, हे शाळेतलं पोरही सांगेल. आमच्याकडं नळाचं पाणीसुद्धा वाट बघायला लावतं. मावशीला हे माहीत होतं, मलाही होतं. अशी अट मान्य करून मी मोकळा झालो, दोन भाकरी जास्त खाल्ल्या. तरी काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. काय, ते कळेना.

सकाळी गच्चीवर गेलो. गच्ची कोरडी ठणठणीत. घोंगडी चिंब.

माझ्या अंगावर काटा आला. मावशी गुडघे धरत मागून वर आली. ‘‘बघ. सबूत.’’ मी घोंगडी उचलून पिळली. पाण्याबरोबर फुगलेले पिवळे मेथीदाणे टपटप खाली पडले.



‘‘मावशी, दवात मेथी?’’

‘‘त्याला काय, तो कायबी पाडंल.’’ तिनं पायानं दाणे कोपऱ्यात सारले. ‘‘आन् धरायचं न्हाई म्हणू नकोस. हे धरायचं.’’ आणि ती खाली गेली. स्वयंपाकघरात तांब्या पालथा घातलेला होता. त्या दिवशी तिनं मेथीचं पाणी घेतलं नाही.

देवाचं बोलावणं मुंग्यांतून आणि मेथीतून येतं का, हे मला अजून समजलेलं नाही. मी पिशवी भरली.

लातूरच्या स्टँडवर मी नांदेडच्या गाडीत खिडकीशी बसलो. मावशी खाली उभी. तिथंही अट होतीच, ‘‘टायमात सुटली तर जा. न्हाई तर सरळ घरी चल.’’

वेळ होऊन गेली. गाडी जागची हलेना.

‘‘मावशी, टायम झाला. उतरू का?’’

‘‘हे धरायचं न्हाई. डायवर च्या पीत बसलाय.’’

आणखी थोडा वेळ गेला.

‘‘आता?’’

‘‘स्टँडचं घड्याळ पुढं हाय. गप बस.’’

‘‘संध्याकाळी मेथी भिजव. विसरशील.’’

‘‘मी नर्स हाय. मला शिकवू नकोस.’’

ड्रायव्हर आला, इंजिन घरघरलं. तरी गाडी निघेना. मावशी ओरडली, ‘‘ओ दादा, सोडा की गाडी! पोराला उशीर करायलात!’’

कंडक्टरनं दारातून डोकं बाहेर काढलं. माझ्या खिडकीच्या गजाकडं बघत तो सावकाश म्हणाला, ‘‘सोडतो मावशी. आधी तुम्ही गज सोडा.’’